यंत्राचे गाणे आणि साथीचा धर्म

आपल्या देवळांच्या सभामंडपात भजनाच्या वेळी जी पेटी वाजते तिचे माहेर पॅरिस आहे, ही गोष्ट भजनाला बसणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. १८४० च्या सुमारास अलेक्झांद्र दबँ नावाच्या फ्रेंच कारागिराने हार्मोनियम या नावाने जे वाद्य तेथे सिद्ध केले, ते खुर्चीवर बसून, पायाने भाता हाणून वाजवावयाचे होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचे रूप दिले, मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या उंचीवर ते उतरविले, आणि मग ते वाद्य नाटकमंडळ्यांतून, कीर्तनांतून आणि भजनी फडांतून गावोगाव पसरले. बेळगाव-निपाणीच्या या टापूत तुकोबांचा अभंग, पुरंदरदासांचे पद आणि कोकणी घरांतील आरती या तिन्हींना एकच पेटी साथ करते, आणि ती परकी आहे असे आज कोणाच्या मनातही येत नाही.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ज्या ध्वनिमुद्रिकेचा परामर्श आम्ही येथे घेणार आहोत तीही पॅरिसच्याच दोन कलावंतांची आहे, आणि यंत्राचे गाणे म्हणूनच ती जगभर ओळखली जाते. 'डाफ्ट पंक' हे त्या जोडीचे नाव. तोमा बँगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो हे तिचे दोन घटक. आणि २०१३ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेली 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' ही ती ध्वनिमुद्रिका. देवळाशी नाते राखणाऱ्या वाचकवर्गाच्या मासिकात अशा विषयाला जागा कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, यंत्राचे संगीत आपल्या देवळाच्या दाराशी केव्हाच येऊन उभे आहे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्याला आपण सगळे 'डॉल्बी' म्हणतो त्याच्या रूपाने ते रस्त्यावर आहे. विजेवर चालणाऱ्या नगारा-घंटेच्या रूपाने ते गाभाऱ्यासमोर आहे. आणि आपल्या घरातील तरुण मुलांच्या कानांत तर ते अहोरात्र आहे. जे इतके जवळ आले त्याचा बरावाईटपणा पारखण्याची कसोटी आपल्यापाशी असू नये, ही स्थिती समाधानाची नाही. ती कसोटी शोधावयाची तर त्या संगीतातील एखादी उत्तम कृती नीट ऐकली पाहिजे. केवळ मिरवणुकीतील गोंगाटावरून या साऱ्या संगीताची किंमत करणे म्हणजे जत्रेतल्या पिपाणीवरून सनईची किंमत करण्यासारखे होईल.

प्रथम या जोडीविषयी थोडेसे. १९९३ मध्ये पॅरिसमध्ये हे दोघे या नावाने एकत्र आले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'होमवर्क' १९९७ साली निघाली. ती घरच्या खोलीतच तयार झाली होती, आणि नावातही ते घर राहिले आहे. २००१ साली 'डिस्कव्हरी' आली. जुन्या तबकड्यांतील चार-दोन मात्रांचे तुकडे उचलावयाचे, ते यंत्रात घालून पुनःपुन्हा फिरवावयाचे, आणि त्या फेऱ्यांवर नवी इमारत उभी करावयाची, ही त्यांची तेव्हाची रीत होती. याच सुमारास लोकांसमोर येताना त्यांनी यंत्रमानवांची शिरस्त्राणे घालण्यास सुरुवात केली, आणि पुढे शेवटपर्यंत चेहरा दाखविला नाही. २००५ मध्ये तिसरी ध्वनिमुद्रिका आली, आणि त्यानंतर काही वर्षांनी ही चौथी. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकांत ती वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका ठरली. २०२१ च्या फेब्रुवारीत जोडी विभक्त झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा एका पूर्ण झालेल्या कार्याकडे आता आपण शांतपणे पाहू शकतो.

या चौथ्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी जे केले ते त्यांच्याच पूर्वायुष्याच्या उलट होते. ज्या जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलावयाचे त्या तबकड्या वाजविणारे कलावंत अद्याप हयात आहेत, तर त्यांनाच बोलावून समोर का बसवू नये, असा विचार करून त्यांनी अमेरिकेतील मातबर वादकांना पाचारण केले. गिटारला नाइल रॉजर्स, बेस गिटारला नेथन ईस्ट, ड्रमला ओमर हकीम आणि जॉन रॉबिन्सन अशी ती मंडळी. शिवाय वाद्यवृंद आणला, गायक आणले, संगणकाबरोबर जुन्या पद्धतीच्या फितीवरही मुद्रण केले. यंत्राच्या बळावर कीर्ती मिळविलेल्या दोघांनी कीर्तीच्या शिखरावर असताना माणसांच्या हातांकडे वळावे, ही गोष्ट साधी नव्हे. पहिल्याच रचनेचे नाव 'गिव्ह लाइफ बॅक टू म्यूझिक' असे आहे; संगीताला त्याचे प्राण परत द्या, असा त्या नावाचा आशय. एरवी ही घोषणा वाटली असती. परंतु नाइल रॉजर्स यांच्या उजव्या हाताचे बारीक, तुटक, नेमके आघात आणि त्यांच्या खालून सरकणारा बेसचा स्वर ऐकला की शब्दांपेक्षा कृतीच अधिक बोलते आहे हे पटते.

एकूण तेरा रचना आणि सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचा अवधी, असा हा विस्तार आहे. त्या सर्वांचा क्रमवार हिशेब न देता, ज्या रचनांतून मुख्य प्रश्न उभा राहतो त्यांचाच विचार आम्ही करतो.

'जॉर्जिओ बाय मोरोडर' ही नऊ मिनिटांची रचना या ध्वनिमुद्रिकेचा कणा आहे. जॉर्जिओ मोरोडर हे इटलीच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात जन्मलेले संगीतकार. १९७७ साली त्यांनी डोना समर या गायिकेसाठी 'आय फील लव्ह' हे गीत जवळजवळ सर्वस्वी सिंथेसायझरवर रचून पाश्चात्त्य नृत्यसंगीताची दिशा बदलली. डाफ्ट पंकने त्यांना वाद्य वाजविण्यास न सांगता केवळ आपली हकीकत सांगण्यास सांगितले. वृद्ध, ओबडधोबड उच्चाराचा तो आवाज तरुणपणाची धडपड सांगतो, मोटारीत काढलेल्या रात्री सांगतो, आणि शेवटी सिंथेसायझरला तालाशी बांधण्यासाठी फितीवर एक टिकटिक मुद्रित करण्याची युक्ती कशी सुचली ते सांगतो. त्या क्षणी ती टिकटिक खरोखरच ऐकू येते, आणि तिच्यातून सगळे संगीत उगवते: आधी यंत्राचा फिरता स्वरसमूह, मग वाद्यवृंद, आणि अखेरीस ओमर हकीम यांचे ड्रम, जे त्या टिकटिकीला चिकटून न राहता तिच्याभोवती खेळू लागतात. आमच्या मते या शेवटच्या तीन मिनिटांत ध्वनिमुद्रिकेचे सर्व सार आहे. मात्रा मोजण्याचे काम यंत्राचे. त्या मात्रेच्या आत श्वास घेण्याचे, थोडे अलीकडे किंवा थोडे पलीकडे उभे राहण्याचे काम माणसाचे. तबल्याचा ठेका आणि लग्गी यांतील फरक ज्याला कळतो त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी विचारणीय रचना 'विदिन'. तिच्या आरंभी पियानो आहे, साधा आणि उदास. आणि मग जो गातो तो माणूस की यंत्र हे सांगता येत नाही. हा आवाज ज्या साधनाने साधतो त्याला व्होकोडर म्हणतात. ते मुळात संगीतासाठी निर्माण झालेच नव्हते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी दूरध्वनीवरील बोलणे थोडक्या जागेत पाठविता यावे म्हणून त्याची योजना केली. माणसाच्या बोलण्यातील उच्चारांची घडण वेगळी काढावयाची आणि ती एखाद्या वाद्याच्या स्वरावर बसवावयाची, म्हणजे वाद्यच बोलू लागते, असे त्याचे तत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी या साधनाचा उपयोग गंमतीसाठी होतो. येथे मात्र स्वतःची ओळख हरवलेल्या कोणाची तरी खंत त्या आवाजात आहे, आणि म्हणूनच त्या निर्जीव आवाजाची करुणा येते. 'टच' या रचनेत याच्या उलट योजना आहे. तेथे पॉल विल्यम्स या सत्तरी ओलांडलेल्या गीतकाराचा किंचित कापरा, उघडा मानवी आवाज स्पर्शाच्या आठवणीने व्याकूळ झालेला आहे, आणि त्याच्याभोवती यंत्रांचा सारा पसारा. कल्पना मोठी आहे. परंतु रचना इतक्या वेळा वेष बदलते, नाटकी संगीत, नृत्यसंगीत, समूहगान असे इतके मुक्काम करते, की त्या एका कापऱ्या आवाजाशी आपले जडलेले नाते मध्येच सुटते. आठवण ही एकाच सुरावर थांबून आळवावयाची वस्तू आहे. येथे ती प्रदर्शनासारखी मांडली गेली.

आता दोषाचे बोलावयाचे तर हाच दोष थोड्याफार प्रमाणात सर्वत्र आहे. 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरी' हा संगणकाच्या स्मृतीचा प्रकार. तिच्यातील कोणत्याही कप्प्यात क्रमाने न जाता एकदम हात घालता येतो. नाव देताना या दोघांनी त्यावर श्लेष केला आहे. परंतु माणसाची स्मृती तशी नसते. वेदपाठी ब्राह्मणाने घनपाठ म्हटला तर तो पदे पुढे-मागे, उलट-सुलट म्हणतो खरे, तथापि प्रत्येक पदाचा हात शेजारच्या पदाच्या हातात असतो. मध्येच एखादे पद सुटे काढून दाखवा म्हटले तर त्याला मागून यावे लागते. गाण्याचेही तसेच आहे. डाफ्ट पंकने उत्तमोत्तम वादक बोलाविले, पुष्कळ मुद्रण केले, आणि मग त्या मुद्रणातून हवे ते निवडून, कापून, जोडून अंतिम रूप घडविले. त्यामुळे प्रत्येक आघात निर्दोष आहे. परंतु एकाने काही अनपेक्षित वाजवावे आणि दुसऱ्याने त्याला तत्क्षणी दाद द्यावी, असे प्रसंग विरळा. 'गेट लकी' हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय गीत घ्या. चार स्वरसंगतींचा एक फेरा आरंभी सुरू होतो तो अखेरपर्यंत बदलत नाही. पहिली दोन मिनिटे तो मोहवितो. पुढे रॉजर्स यांचा हात किती कौशल्याने तेच तेच वेगळे करतो आहे याकडे लक्ष दिले तरच रस टिकतो. तसे लक्ष न देणाऱ्यासाठी ते गीत म्हणजे नाचावयाचे निमित्त, आणि तेवढ्यापुरते त्याचे काम उत्तम आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या ध्वनिमुद्रिकेची एक वेगळी आवृत्ती निघाली; तिच्यातून सर्व ड्रम काढून टाकले आहेत. समीक्षकाला याहून उपयुक्त साधन दुसरे मिळणार नाही. मूळ ऐकून झाल्यावर ही आवृत्ती ऐकली असता 'विदिन' अधिक गहिरी झाल्यासारखी वाटते. पियानो आणि तो हरवलेला आवाज यांना मोकळे अंगण मिळते. उलट 'जॉर्जिओ'चा शेवट पोकळ होतो. तबलजी उठून गेल्यावर द्रुत ख्याल चालू राहावा तसे ते ऐकू येते. म्हणजे एका ठिकाणी ताल नुसता खांब होता, दुसऱ्या ठिकाणी तो साथीदार होता. साथ कोणती आणि नुसता आधार कोणता, हे ती वस्तू काढून घेतल्यावरच कळते. हा धडा मोठा आहे, आणि तो आम्हांस याच लेखात पुढे उपयोगी पडणार आहे.

यंत्रावर संगीत रचण्याचा हा प्रयोग केवळ युरोप-अमेरिकेतच झाला अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करावयास हवी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी काढली, ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे आपल्या एच.एम.व्ही.ने, ती प्रसिद्ध केली. जपानहून नुकतीच आलेली रोलंड कंपनीची तीन यंत्रे, एक स्वरांचे, एक खर्जाचे आणि एक तालाचे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग मांडले. यंत्रातून उमटणारा शिवनामाचा घोषही तीत आहे. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. पुढे पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागो शहरात त्याच खर्जयंत्रावर एक नवे नृत्यसंगीत जन्माला आले आणि जगभर गेले. तेव्हा मुंबईच्या या कलावंताने ते आधीच करून ठेवले होते ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. २०१० साली एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, आणि मग म्हातारपणी चरणजित सिंग यांना परदेशी रंगमंच मिळाला. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

हा प्रयोग डाफ्ट पंकच्या कृतीशेजारी ठेवला असता काय दिसते? सिंग यांच्या खर्जयंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि तिच्यात त्यांना मींडेची शक्यता दिसली. ही त्यांच्या भारतीय कानाची साक्ष आहे. मालकंसात ती सोय विशेष शोभते. परंतु ठेका सर्व दहा रागांत जवळजवळ एकच. आलापीला अवकाश नाही. तोडीचा कोमल गंधार ज्या नाजूक जागी उभा राहावयाचा ती जागा यंत्राच्या बारा समान पायऱ्यांत सापडत नाही. रागाची रूपरेषा आहे, चलन आहे, मुक्काम नाही. तरीही आम्ही या तबकडीला डाफ्ट पंकच्या काही रचनांहून अधिक जिवंत म्हणू, कारण तेथे एक माणूस आपल्या दोन हातांनी त्या यंत्रांशी झगडतो आहे आणि तो झगडा ऐकू येतो. पॅरिसच्या जोडीपाशी साधने अपार आणि माणसे मातबर. मुंबईच्या या एकट्यापाशी तीन पेट्या आणि फिल्मी वाद्यवृंदात मुरलेला कान. सारांश, यंत्र किती भारी यावर संगीताचा जिवंतपणा अवलंबून नाही. यंत्राच्या पलीकडे कोणी ऐकणारा बसलेला आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

याच कसोटीवर आपल्या पेटीचा इतिहास पुन्हा पाहण्यासारखा आहे. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून मज्जाव केला. तो १९७१ पर्यंत टिकला, आणि त्यानंतर हळूहळू सैल झाला. आक्षेप खोटे नव्हते. पट्टीचे स्वर पक्के बांधलेले, त्यांना मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत. आज सिंथेसायझरवर जो आरोप होतो तोच अक्षरशः. मग पेटी आपल्याकडे टिकली कशी? ती टिकविली हातांनी. कोल्हापूरकडच्या गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ करीत त्या वाद्याला बैठकीत प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १९११ साली 'मानापमाना'च्या चाली बांधून मराठी रंगभूमीचा सूरच पालटला. आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी तेच व्रत जवळजवळ आयुष्यभर चालविले. १९१७ साली कागवाडला जन्मलेले आणि २०१० साली बेळगावातच निवर्तलेले हे वादक भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल अशा गायकांना साथ करीत आले आणि शेकडो मुलांना शिकवीत आले. पेटीला मींड नाही हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. परंतु गवयाचा श्वास कोठे संपतो, तान कोठे उतरणार, कोणत्या जागी गप्प बसावयाचे, हे ज्या हाताला कळते त्या हाताखाली पट्टी आपला कठीणपणा विसरते. साथीचा धर्म तो हाच: आधी ऐकावे, मग वाजवावे.

यंत्रापासून माणूस काय घेऊ शकतो याचेही उदाहरण याच मातीत आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकाली, म्हणजेच १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व, बालपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत. फोनोग्राफची तबकडी बहिरी असते. ती शंभर वेळा तेच म्हणते. त्या बहिऱ्या वस्तूसमोर एक विलक्षण कान बसला, म्हणून त्या नकलेतून पुढे, मुंबईस देवधर मास्तरांच्या तालमीनंतर, स्वतंत्र प्रज्ञेचा गायक निघाला. आज एखाद्या खेड्यातील मुलगा हातातल्या भ्रमणध्वनीवर डाफ्ट पंक ऐकत असेल तर त्याला त्याबद्दल दटावण्याआधी हे आठवावे. तो कशासमोर बसला आहे याइतकेच तो कोणत्या कानाने बसला आहे हेही महत्त्वाचे आहे, आणि तो कान घडविण्याचे काम आपले होते.

आता देवळाच्या दाराशी येऊ. आपल्या भागातील कित्येक देवळांतून विजेवर चालणारे आरतीचे यंत्र बसविलेले आढळते. मोटर फिरते, तिच्या दांड्यावरील खुंट्या टिपऱ्यांना उचलून सोडतात, आणि नगारा, झांज व घंटा ठरल्या गतीने वाजत राहतात. जेथे सांजवेळी पुजाऱ्याखेरीज कोणी येत नाही, तेथे ही सोय ज्यांनी केली त्यांना दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही; देवासमोर शांतता पसरण्यापेक्षा काही वाजावे ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. तथापि वर सांगितलेली परीक्षा येथे लावून पाहावी. आरती म्हणजे एकाच गतीचे गाणे नव्हे. ती धीम्या लयीत उठते, कडव्यागणिक चढते, कापूर पेटला की तिची लय अनावर होते, आणि शेवटी सर्वांच्या टाळ्या एकाच आघातावर मिळतात. ही चढण कोणी ठरवीत नाही. मंडळी एकमेकांचे ऐकत तेथे पोचतात. मोटरीला हे ठाऊक नाही. मग काय घडते? मंडळी मोटरीच्या गतीने म्हणू लागतात, किंवा मोटरीच्या आवाजाखाली म्हणणेच सोडून देतात. यंत्र गैरहजर माणसांची जागा भरावयास आणले, आणि हजर माणसांचे तोंड त्याने बंद केले. ड्रम काढलेल्या त्या आवृत्तीप्रमाणे एक दिवस हे यंत्र बंद ठेवून पाहावे. त्या दिवशी आरती अधिक मोकळी वाटली तर ते यंत्र नुसता खांब होते असे समजावे. आरती ऐकूच आली नाही, तर यंत्रामागे लपलेली उणीव केवढी आहे ते कळेल.

गोव्याकडील वाचकांना घुमट आरतीचे स्मरण येथे झाल्यावाचून राहणार नाही. मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर कातडे ताणलेले ते घुमट, जोडीला शामेळ आणि कासाळे. दहा-वीस जण गोलाकार उभे, आणि प्रत्येकाची बोटे शेजाऱ्याच्या बोटांना उत्तर देत असतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित झाल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे चढते, नाद थोडा बदलतो, आरती चालू राहते. वस्तू बदलली तरी चालते. एकमेकांचे ऐकणे थांबले की मात्र परंपरा थांबते, हे त्या आरतीत उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगता येईल.

डॉल्बीच्या बाबतीत निर्णय याहून सोपा आहे. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला मनाई केली. संगीताची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ज्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही तेथे साथ संभवत नाही. हलगीच्या कडकडाटातही हलगीवाला लेझीम खेळणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतो. करडी-मजलूचे वादक एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून बोल बदलतात. डॉल्बीच्या भिंतीला डोळे नाहीत. आणि येथेच डाफ्ट पंकच्या या कृतीचा आपल्या तरुणांना खरा उपयोग आहे. ज्या संगीताच्या नावाखाली ही भिंत उभी केली जाते, त्या संगीताचे दोन अग्रणी काय सांगून गेले? त्यांनी सारी यंत्रे हाताशी असताना ड्रमवर माणूस बसविला, गिटारवर माणूस बसविला, आणि एका वृद्ध संगीतकाराची हकीकत नऊ मिनिटे शांतपणे ऐकून घेतली. जोडी विभक्त झाल्यावर बँगाल्तेर यांनी तर 'मिथॉलॉजीज' ही नृत्यनाट्याची संगीतरचना केली, जी २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आली, आणि तीत यंत्र मुळीच नाही. केवळ वाद्यवृंद आहे.

तेव्हा ही ध्वनिमुद्रिका ऐकावी काय, या प्रश्नाला आमचे उत्तर होय असे आहे. ती एकाच बैठकीत, मंद आवाजात, शक्य तर घरातील तरुणांसह ऐकावी. 'जॉर्जिओ' आणि 'विदिन' या दोन रचना पुन्हा ऐकाव्या. आणि 'कॉन्टॅक्ट' या शेवटच्या रचनेपर्यंत अवश्य जावे. तिच्या आरंभी १९७२ च्या अपोलो-१७ मोहिमेतील अंतराळवीर यूजीन सर्नन यांचा आवाज आहे. खिडकीबाहेर दिसणारी एक अनोळखी, गरगरणारी वस्तू तो शांतपणे वर्णन करून सांगतो, आणि त्यानंतर ध्वनी वाढत वाढत शेवटी फाटून जातो. निर्दोषपणाचा इतका हव्यास धरणाऱ्या या कृतीने शेवटी तरी स्वतःला फाटू दिले, हे आम्हांस फार बरे वाटले. ऐकून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे की यात कोण कोणाचे ऐकत होते. ज्याला त्याचे उत्तर देता येईल त्याच्या हाती पुढच्या एकादशीला टाळ द्यावे, किंवा पेटीशेजारी बसवावे. आपल्या भजनी मंडळांत आज वाद्यांची उणीव नाही, बसणाऱ्यांची आहे. आणि ज्याचा कान जागा झाला आहे तो मुलगा कोठल्या देशाचे संगीत ऐकून आला हे पेटी विचारणार नाही, कारण ती स्वतःच पॅरिसहून आलेली आहे.